भिवाकडचं कुलूप

आमच्या घरात जवळजवळ वर्षभर सायकल हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा पोंक-पोंक वाजवत यायचा, आई टोपली घेऊन उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला फाटकापाशी जायची. पूर्वी ती म्हणायची, 'पोदेराची सायकल आयली, चहा ठेव'. आता नुसतं 'पोदेर आयलो' म्हणून थांबायची. बाबा खाणीवर पंप चालवायचे. पाळीला न्यायला खाणीची गाडी यायची, त्यामुळे त्यांना सायकलची गरज नव्हती. माझा थोरला भाऊ दत्ता, म्हणजे आमचा दादा, बोलणं त्या बाजूला वळलं की उठून विहिरीवर जायचा आणि विनाकारण एक कळशी पाणी ओढून आणायचा. लाटंबार्से गावातलं आमचं घर तसं बोलकं होतं. समोर भाताचे वाफे, मागे काजूची बाग, बागेच्या पलीकडून दिवसभर खनिज वाहणाऱ्या टिपरांची घरघर. त्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सगळ्यांना सवय. आजही पणजीच्या फ्लॅटमध्ये माझी सून मला म्हणते, 'आई, हळू बोला, मी इथेच आहे.' पण त्या वर्षी आमच्या घराचा आवाज खाली गेला होता, आणि त्याचं कारण दादाची चोरीला गेलेली सायकल होती.

दादा तेव्हा डिचोलीला आयटीआयमध्ये शिकत होता. घरापासून मुख्य रस्त्याचा तिठा लांब, पायी पाऊण तास. तिथपर्यंत तो सायकलने जायचा, चहाच्या गाड्याशेजारच्या विजेच्या खांबाला ती बांधायचा आणि पुढे बसने. बाबांनी त्याला खाणीवरून एक साखळी आणून दिली होती, मनगटाएवढी जाड, आणि तिला साजेसं एक भलंमोठं कुलूप. 'हें फोडपाक हत्ती जाय,' हे फोडायला हत्तीच पाहिजे, असं बाबा म्हणायचे. एका संध्याकाळी दादा तिठ्यावरून चालत घरी आला. चेहरा काळवंडलेला. म्हणाला, 'कुलूप फोडून सायकल व्हेली.' बाबांनी एकच प्रश्न विचारला, 'तें कुलूप? फोडलें?' दादाने मान डोलावली. त्यानंतर पायी जाऊन बस चुकायला लागली, हजेरी कमी पडली, आणि पावसाळ्याच्या तोंडाला दादाने आयटीआय सोडलं. भाताच्या गिरणीवर कामाला लागला. गिरणीतून यायचा तेव्हा भुवया कोंड्याने पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि वीस वर्षांचा माझा भाऊ म्हातारा दिसायचा.

आता भिवाबद्दल सांगायला हवं. आमच्या घराला लागून एक बाहेरची कूड होती, स्वतंत्र दाराची खोली. तिथे भिवा राहायचा. तो दोडामार्गापलीकडच्या एका खेड्यातला, खाणीवर यंत्रं दुरुस्त करायला आलेला, चाळिशीकडे झुकलेला एकटा माणूस. त्याच्या पेटीत करवती, कानशी, पाने, छिन्न्या अशा मांडलेल्या असायच्या जशी आई देवाची भांडी मांडते. रविवारी तो आमच्यातच जेवायचा. बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, असलं की भात दोनदा मागून घ्यायचा आणि आईला म्हणायचा, 'वयनी, आमच्या आवशीच्या हाताक असोच वास.' ओले काजू सोलताना आईची बोटं चिकाने भाजून निघायची, म्हणून त्याने तिला एक वाकडं पातं करून दिलं होतं. ते बीवर ठेवून नुसतं दाबलं की गर अलगद बाहेर. मला त्याने दांड्याखालून पाय घालून सायकल मारायला शिकवलं होतं, कापणी झालेल्या वाफ्यात, म्हणजे पडले तरी लागू नये.

सायकल गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा अंगणात बसून स्वतःशीच म्हणाले, 'तसलें कुलूप फोडपाक आवतां जाय. कोणाकडे आसात आवतां?' आवतां म्हणजे हत्यारं. भिवाचं नाव कोणी घेतलं नाही. त्याला कोणी चोर म्हटलं नाही. फक्त आठवड्याने बाबा त्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, की ही कूड आता आम्हाला लागणार आहे, भात ठेवायला. भिवा म्हणाला, 'बरां.' दोन दिवसांत तो पेटी घेऊन गेला. त्या कुडीत आम्ही भात कधीच ठेवलं नाही. माणसाला घालवून देताना आपण जितके सभ्य होतो तितके एरवी कधी होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि मला नुसतं वाईट वाटलं होतं.

दहावी झाल्यावर मी डिचोलीला अकरावीत जायला लागले. तोच तिठा, तीच बस. पहाटे पेज न जेवता धावत सुटायची, तरी आठवड्यातून दोनदा बस माझ्या डोळ्यांसमोर वळणाआड जायची. संध्याकाळी काजूच्या बागांमधून एकटीने चालत येणं बाबांना पसंत नव्हतं. ते मला रागावले नाहीत, पण आईशी बोलताना म्हणाले, 'बारावी जाली ना तरी कोण विचारतलो?' मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ते ऐकलं. दादाचं शिक्षण ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने माझंही चाललं होतं.

अशा वेळी हळर्णचा मामा टेम्पोत घालून त्याची जुनी सायकल घेऊन आला. तो शाळेत मास्तर होता, त्याने स्कूटर घेतली होती. सायकल दांड्याची, काळी, एका बाजूचा रंग उडालेला, पण घंटी अशी की शेजारच्या वाड्यावर ऐकू जावी. मी ती अंगणात गोल गोल फिरवली. आई दारात उभी राहून हसत होती. बाबा पायरीवर बसून बघत होते. मामा गेल्यावर ते म्हणाले, 'कुलूप जाय. कोणाच्यान फोडूंक जायना असलें. तें हाडल्याबगर सायकल अंगणाभायर व्हरपाची ना.' कुलूप येईपर्यंत सायकल अंगणातच. आणि दादाकडे वळून म्हणाले, 'तिका घेवन वच. तुका ठावक आसा.' दादा विहिरीवर गेला नाही. 'वतां,' म्हणाला. पण ते जेमतेम ऐकू आलं.

शनिवारी आम्ही दोघं डिचोलीच्या बाजारात गेलो. हार्डवेअरच्या दुकानात एक वयस्कर मालक होते, सगळे त्यांना भाई म्हणत. त्यांनी मेजावर सगळा माल काढला. मागच्या चाकाला बसवायचं, घोड्याच्या नालासारखं कुलूप. प्लास्टिकच्या नळीत घातलेली तारेची दोरी. बारीक साखळ्या, पितळी कुलपं. आणि एक आकड्यांचं कुलूप, तीन चाकांचं, चावीच नाही. ते मला फारच आवडलं. चावी हरवायची भीती नाही! हातात घेऊन मी ते जरा ओढून धरलं आणि एकेक चाक फिरवत बसले. एका आकड्याशी चाक किंचित अडायचं. तिथे ठेवलं, पुढचं फिरवलं. भाईंचा चहाचा ग्लास अर्धाही झाला नसेल, कुलूप माझ्या हातात उघडलं. भाईंनी ग्लास खाली ठेवला.

'बाय, तूं खंयची गो?'

'लाटंबार्शेची.'

'चोर जावंक नाका मात,' म्हणाले आणि खदखदून हसले. मीही हसले. दादा हसला नाही.

मग भाईंनी प्रत्येक कुलपाचं खरं ते सांगितलं, दुकानदार असूनही. तारेची दोरी पकडीने कापता येते. नालासारखं कुलूप चांगलं, पण ते फक्त चाक अडवतं, दोघांनी सायकल उचलून टेम्पोत घातली तर काय करणार? न तुटणारं कुलूप जगात नाही. 'चोराक वेळ किती लागता तें पळोवपाचें. तो घायेंत आसता.' घाईतल्या चोराला जितका जास्त वेळ लागेल तितकं कुलूप चांगलं. मी हे मनात घोळवत होते तेवढ्यात त्यांनी दादाला विचारलं, आधीचं कुलूप कसं तोडलं होतं, करवतीने कापलं की घण मारून फोडलं? 'तुकडे आसल्यार हाड. पळयल्यार हांव सांगतां तुमकां किदें जाय तें.' तुकडे आणून दाखव, म्हणाले.

दादा म्हणाला, 'उडयले ते.' फेकून दिले. मग म्हणाला, 'खंय पडले तें याद ना.' त्याचे कान लाल झाले होते.

भाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि विषय सोडला. मला म्हणाले, की खरी टणक साखळी पाहिजे तर नदीकाठच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये जा. तिथे एक माणूस मापाप्रमाणे साखळी करून देतो, कुलपातलं त्याला सगळं कळतं. दोडामार्गाकडचा आहे. भिवा नाव त्याचं.

'आमचो भिवा!' मी जवळजवळ ओरडलेच. पण दादा तोवर दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागला होता.

परतीच्या बसमध्ये तो माझ्यापासून लांब, मागच्या बाकावर बसला. तिठ्यावर उतरलो तेव्हा दुपारचं कडक ऊन होतं, चहाचा गाडा बंद होता, आणि तो विजेचा खांब नुसताच उभा होता. दादा खांबापाशी थांबला. खांबावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'सुलू, कुलूप फोडूंक ना. हांवें घालूंकूच ना.'

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. ती साखळी इतकी जड आणि गंजलेली होती की खांबाभोवती ओढून आणून कुलपात बसवायला दोन्ही हात आणि एक गुडघा लागायचा. हात तेलाने माखायचे, शर्टाला डाग पडायचे. त्या दिवशी बस वळणावर दिसत होती. साखळी कॅरियरवर तशीच ठेवून तो धावला होता. संध्याकाळी सायकलही नव्हती आणि साखळीही. बाबांना खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून फोडलं म्हणाला. एक शब्द बोलला, आणि त्या शब्दावर बाबांनी बाकीचं रचलं. भिवा पेटी घेऊन गेला तेव्हा दादा गोठ्यात उभा राहून फटीतून बघत होता.

'तूं सांगनाका बाबाक,' तो म्हणाला.

'ना सांगचें,' मी म्हटलं. 'पूण भिवाकडे साखळी मागपाक हांव वचना. तोंड खंयचें घेवन वतलें?'

घरापर्यंत आम्ही पुढे-मागे चाललो. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव आली होती. एवढं ओझं घेऊन हा माणूस वर्षभर आमच्याबरोबर जेवत होता. घरी मी आईला सांगितलं, मनासारखं कुलूप मिळालं नाही. ते खोटं नव्हतं, पण तोंडात कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही पेजेला बसलो. खारातली कैरी, भाजलेला सुका बांगडा, वाफाळती उकड्या तांदळाची पेज. बाबांनी पहिला घोट घेतला आणि दादाने ताटली बाजूला सारली. तो मोठ्याने बोलला. टिपरांवर आवाज चढवायची आमची जुनी सवय, पण रविवारी टिपर बंद असायचे, त्यामुळे त्याचं बोलणं घरभर घुमलं. सगळं सांगितलं. खांब, साखळी, बस, खोटं. शेवटी म्हणाला, 'भिवान किदेंच करूंक ना, बाबा.'

मला वाटलं, आता बाबा उठतील आणि हात उगारतील. आईलाही तेच वाटलं असावं, ती पुढे सरकली. बाबांनी ती ताटली पुन्हा दादासमोर सारली. मग हळू म्हणाले, 'जेव आदीं.' दादा जेवला नाही तेव्हा पुन्हा म्हणाले, 'जेव रे. मागीर वच्चें आसा.' नंतर निघायचं होतं. ते उठले, हात धुतले, आणि खुंटीवरचा धुतलेला शर्ट काढला, लग्नाकार्याला घालायचा. आज मागे वळून बघताना मला बाबांचं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर त्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारी त्यांची बोटं.

आम्ही तिघं शेडवर पोचलो तेव्हा भिवा एका फाटकाला बिजागरी लावत होता. आम्हाला बघून त्याचा हातोडा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बाबा शेडच्या बाहेर, उन्हातच उभे राहिले. म्हणाले, 'भिवा, कुलूप कोणेंच फोडूंक नाशिल्लें. हो खोटें उलयलो. पूण कूड हांवें काडून घेतली. चूक म्हजी.' दादा पुढे झाला आणि काही बोलायचा प्रयत्न करू लागला, पण त्याला रडूच फुटलं. एवढा मोठा मुलगा, नदीकाठच्या रस्त्यावर, लोकांसमोर.

भिवाने बिजागरीचा शेवटचा स्क्रू पुरता आवळला. मग म्हणाला, 'माका ठावक होता.'

'कशें?' बाबांनी विचारलं.

'फोडलेला कुलूप तुम्ही माका दाखवलास नाय. मी कुलपाचो माणूस, तुमच्या दारात रवतंय. खराच फोडल्यानी असता तर पयला माकाच दाखवला असतास. दाखवक काय नव्हताच, ह्या मी त्याच दिवशी वळखलंय.'

'मगे सांगलें कित्याक ना?'

'तुमच्या घरात जेवलंय मी. पोराक उघडो कसो पाडू?' तो थांबला. हातातला पाना त्याने पेटीत टाकला, नेहमीसारखा मांडून ठेवला नाही. 'राग इलो नाय असो नाय. इलो. गावाक जाताना लाटंबार्सेचो रस्तो सोडून लांबच्यान जातंय, वरस झाला. तुमचा घर दिसाक नको म्हणान.'

बाबांनी हात जोडले. भिवाने ते जोडलेले हात धरले आणि खाली केले, जरा जोरातच. 'बसा,' म्हणाला. 'चाय सांगतंय.' आणि मग मला, 'बाय, मोठा झालंस गो. तू कशाक इलंस?'

मी म्हटलं, 'कुलूप जाय.'

तेव्हा कुठे तो हसला. आणि एकदम सगळेच हसलो, बाबासुद्धा, डोळे पुसत. चहाचे ग्लास आले. मला आजही वाटतं, की इतका गोड चहा मी पुन्हा प्यायले नाही.

मग भिवाने मला प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतात तसे. सायकल कुठे लावणार? किती तास? खांब केवढा जाड आहे? जवळपास कोणाचा डोळा असतो का? बस येते तेव्हा हातात काय काय असतं? भिंतीवर पाच-सहा साखळ्या टांगलेल्या होत्या. बाबांनी सगळ्यात जाड साखळीकडे बोट दाखवलं. भिवाने नकारार्थी मान हलवली, पण तीच साखळी काढून माझ्या हातात दिली. माझे दोन्ही खांदे खाली गेले.

'घाल बघया त्या शेडच्या खांबाक.'

मी झगडले. शेवटी कुलूप लागलं, पण ओढणी तेलाने भरली आणि घाम फुटला. भिवा बाबांना म्हणाला, 'असली साखळी चार दिस घालतली. पाचव्या दिसा बस येतली आणि ही कॅरियरवर रवतली. जड कुलूप घालूकच जायत नाय, भाऊ. घातलेला कुलूप चांगला.' दादाकडे त्याने बघितलंही नाही, पण दादाने मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याची बाजू सांगितली होती, तीही त्याच माणसाने. जाड साखळी बाबांनी स्वतःच्या हाताने परत भिंतीला टांगली.

शेवटी जी निवडली ती मधल्या जाडीची होती, पोलादी कड्यांची, वर रबरी नळी चढवलेली, म्हणजे रंग खरवडत नाही आणि हात मळत नाहीत. कानशीने घासून त्याने दाखवलं, कड्यावर नुसती चमक आली, ओरखडा नाही. कुलूप बेताचं, पण वरची पोलादी कमान जाड आणि आखूड. मग शिकवणी. साखळी मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून, दोन्हीतून घ्यायची, मग खांबाभोवती. सैल ठेवायची नाही, नाहीतर पहार घालायला जागा मिळते. कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही, दगडावर ठेवून घण मारता येतो. चावीचं भोक खाली, म्हणजे खाणीची धूळ आणि पाऊस आत जात नाही. महिन्यातून एकदा तेलाचा थेंब. शेडमधल्या एका सायकलवर मला त्याने दहा वेळा घालायला लावलं, आणि दहाव्या वेळी डोळे मिटून. 'आता येव दे तुझी बस,' म्हणाला.

चाव्या दोन होत्या. एक मला दिली. दुसरी बाबांनी हात पुढे केला तरी त्याने दादाच्या तळव्यावर ठेवली. 'ही तुझ्याकडे. हिची हरावली तर तूच धावचंस.'

भिवा आमच्याकडे परत राहायला आला नाही. बाबांनी कूड सारवून, रंगवून ठेवली, दोनदा बोलावणं केलं. तो म्हणाला, आता शेडमागेच बरं वाटतं. ते आम्हाला लागलं, पण तो त्याचा हक्क होता. गणपतीत, चवथीला मात्र आला, जेवला, भात दोनदा मागितला, आणि दादाला म्हणाला की शेडवर हाताखाली माणूस पाहिजे. दादा दुसऱ्याच आठवड्यात गिरणी सोडून वेल्डिंग शिकायला गेला. पुढे त्याने स्वतःची शेड टाकली. ती अजून आहे, त्याचा मुलगा बघतो. पण ती गोष्ट वेगळी.

मला सांगायचा आहे तो त्या वर्षीच्या थंडीतला एक दिवस. संध्याकाळी मी बसमधून उतरले, खांबाकडे वळले आणि थबकले. सायकल होती. साखळी होती. रबरी नळी एका ठिकाणी फाटलेली, आतल्या कड्यावर करवतीने घासल्याच्या खुणा. कोणीतरी बराच वेळ झटलं होतं आणि दमून सोडून दिलं होतं. मी गुडघे टेकून त्या कड्यावरून बोट फिरवलं. कडं शाबूत होतं. मग उठून बसायला गेले तर बसायला काही नव्हतं. चोराने रागारागाने सीट काढून नेली होती!

उभ्याउभ्याने पेडल मारत मी काजूच्या बागेतून घरी आले. वाटेत दोन बायका थांबून बघत राहिल्या. अंगणात शिरले तेव्हा दादा नुकताच डिचोलीहून आला होता, पायरीवर बसून बूट काढत होता. त्याने आधी माझ्याकडे, मग सायकलकडे, मग जिथे सीट असायला हवी होती त्या उघड्या नळीकडे बघितलं. चेहरा एकदम पांढरा पडला.

'साखळी?' त्याने विचारलं.

'आसा. सीट मात व्हेली.'

आणि दादा हसायला लागला. असा की हातातला बूट गळून पडला. पायरीला टेकला, पोट धरलं, तरी थांबेना. आई धावत बाहेर आली, तिला वाटलं काहीतरी झालं. बाबा पाळीवरून येऊन झोपले होते, ते उठून दारात आले. काय झालं ते कळल्यावर तेही हसले, आणि आई पदर तोंडाला लावून खाली बसली. आमचं घर पुन्हा मोठ्याने बोलायला लागल्याचा मला आठवणारा दिवस तो.

'फाल्यां कशी वतली गो?' आईने विचारलं. उद्या कशी जाणार?

'उबी,' मी म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी, पेज पोटभर जेवून, उभ्यानेच सायकल मारत मी पहिली बस गाठली.